लांडग्याचा स्वर

लिएपायात वारा कधी पडत नाही.
त्या वाऱ्यात पाठीवर चेलो घेऊन
मी ट्रामच्या शेवटच्या थांब्यावर उतरायचो,
नऊ वर्षांचा, पेटीहून बोटभर बुटका,
आणि मग चार जिने, आणि मग स्कैद्रीतेबाईंचं दार.

"आधी बस," त्या म्हणायच्या.
"जिने अजून तुझ्या खांद्यांत आहेत.
ते उतरू देत."

महिनाभर गज हाती दिला नाही.
डोळे मिटून चेलो गुडघ्यांत धरायचा.
त्या खोलीच्या पलीकडे बसून
आपल्या चेलोची सगळ्यात खालची तार छेडायच्या,
आणि माझी तार, कुणी हात न लावता, कापायची.
"आलं? कुठे आलं?"
मी कान दाखवला.
"पुढच्या मंगळवारी ये."
चौथ्या मंगळवारी मी बरगडीवर हात ठेवला,
तेव्हा कपाट उघडलं. राळेचा वास आला.

एकतीस वर्षं त्या गावच्या वाद्यवृंदात होत्या,
तिसऱ्या बाकावर, आतल्या बाजूला;
म्हणजे पान उलटायचं काम त्यांचं.
"दर पानामागे दोन मात्रा गेल्या.
मांड हिशोब, किती संगीत माझ्याविना पार पडलं!"
आणि खोकला येईपर्यंत हसायच्या.
टाळ्या पहिल्या रांगेतच वाटून संपत.

एकटीची मैफल एकदाच झाली.
वेंत्स्पिल्सहून परतताना बस बर्फात रुतली,
सगळे कोट पांघरून निजले,
आणि ड्रायव्हरचा डोळा लागू नये म्हणून
बोटं कापलेल्या हातमोज्यांनिशी त्या पहाटेपर्यंत वाजवत राहिल्या.
त्याने काय फर्माइश केली, विचारलं मी.
"काहीतरी जलद, म्हणाला. थंडी वाजतेय."

चूक झाली तरी थांबवायच्या नाहीत.
शेवटच्या स्वरानंतर खिडकीबाहेर बघत विचारायच्या,
"वाटेत काय काय सांडलंस?"
मग मी उलट पावली जायचो,
आणि एकेक उचलून आणायचो.
कधी कधी न सांडलेलंही आणायचो.
तेही त्या ठेवून घ्यायच्या.

प्रत्येक चेलोत एक लांडगा असतो.
एका ठरावीक स्वरावर लाकूडच भांडायला उठतं,
सूर फाटतो, गुरगुरतो.
लोक तारेवर पितळेचं वजन बसवतात, तो गप्प होतो.
मी आईकडून पैसे मागून वजन आणलं.
बाईंनी ते साखरेच्या बरणीत टाकलं.
"गुडघे जरासे आवळ.
त्याला कळू दे, घरात माणूस आहे."

मी काही चेलोवादक झालो नाही.
बंदरात क्रेन चालवतो.
वाऱ्यात कंटेनर झुलतो, दोर एका उंचीवर घुमू लागतो,
आणि केबिनमध्ये माझे गुडघे
माझ्याआधी आवळतात.

गेल्या नोव्हेंबरात गेलो होतो.
तेच चार जिने; या खेपेला मी स्वतःहून बसलो.
आजारानंतर त्यांचा डावा हात मुठीसारखा मिटलेला.
उजवा ठीक होता.
"गज माझा," म्हणाल्या, "बोटं तुझी. ये."

त्यांच्या खुर्चीशेजारी जमिनीवर गुडघे टेकले,
मानेवरून हात पुढे घेतला,
क्रेनच्या दांड्यांनी राठ झालेली बोटं तारांवर ठेवली.
त्या ओढत होत्या, मी दाबत होतो,
कोण कुणाच्या मागे, ते आधी जमेना.
मग एक ओळ निघाली. मग दुसरी.
मग लांडगा आला.

त्या गज उचलतील असं वाटलं.
त्यांनी तो आणखी सावकाश ओढला.

माझ्या गुडघ्याखाली लाकडात काहीतरी खुपत होतं.
चेलोच्या सळयांची भोकं ती,
चाळीस वर्षांतल्या पोरांची;
लांब हातांची दूर, आखूड हातांची जवळ.
खुर्चीला सगळ्यात लागून जे होतं
त्यात मी करंगळी घालून पाहिली.

"वाजव," त्या म्हणाल्या. "जमीन नंतर बघ."