मेख

अर्जात पहिला रकाना: नाव. लिहिलं.
दुसरा: काम. दीपगृहाची राखण, एकतीस वर्षं,
मॅगेलनच्या सामुद्रधुनीवर.
तिसरा: घडवणारा.
तिथे मी पेन उचललं
आणि ते उचललेलंच राहिलं.

खिडकीपलीकडचा कारकून, रोसामेल त्याचं नाव,
त्याला घाई नव्हती. म्हणाला,
"कंपनी बुडाली, कागद बुडाले,
पण रजा शिल्लक आहे ना तुझी?
जा, शोध. रकाना कुठे पळून जात नाही."
डब्यातलं अर्धं सफरचंद त्याने माझ्यापुढे केलं,
मग आठवून, हसून, स्वतःच खाल्लं.

प्रत्येक गोष्टीत एक मेख असते म्हणतात.
माझ्यात खरोखरच होती.
डाव्या खांद्याच्या आत, बाकी सगळे पोलादी स्क्रू
आणि त्यांच्यात ही एक, लाकडाची.
दुरुस्तीवाले दर वेळी थबकायचे,
टॉर्च जवळ आणायचे
आणि तिला न छेडता झाकण लावून टाकायचे.

वाल्दिव्हियाच्या एका सुताराने ती हुंगली,
डोळे मिटून, माझ्या खांद्यात नाक खुपसून.
"सिप्रेस. दक्षिणेचा.
आणि काप डावखुऱ्या हाताचा.
चिलोए बेटावर जा. तिथल्या लोकांचा
खिळ्यांवर अजून विश्वास नाही."

उतरलो तेव्हा ओहोटी होती.
खांबांवर उभी घरं, चिखलात कलंडलेल्या होड्या,
शिंपले वेचणाऱ्या बाया.
डावखुरी कोण, विचारत गेलो.
तिसरीने नुसत्या हनुवटीने दाखवलं.

एदुविना चिग्वाय. वय त्र्याऐंशी.
होडीखाली आडवी, फक्त पाय बाहेर.
दोन हजार किलोमीटर घोकत आणलेलं वाक्य
मी त्या पायांना ऐकवलं.

ती बाहेर आली. हात पुसले. माझा खांदा उघडला,
कपाळावरचा चष्मा खाली ओढला.
"हां. पुएर्तो मोंतचा कारखाना. एकच हंगाम होते मी.
त्या दिवशी स्क्रूंची पेटी आली नव्हती
आणि पाचला शेवटची बोट.
तात्पुरती मारली होती रे."

एकतीस वर्षं झाली, मी म्हणालो.
"हलते?"
नाही.
"मग?"

मला अजून विचारायचं होतं.
माझ्या आवाजाबद्दल.
वादळात दिवा विझला की मला जे व्हायचं, त्याबद्दल.
"ते दुसऱ्या कुणाचं. पन्नासेक जण होतो टेबलाला.
एक पोरगी तुमच्या प्रत्येकाच्या कानात काहीतरी पुटपुटायची,
काय, ते तिलाच ठाऊक.
मी फक्त मेख."

तेवढ्यात किनाऱ्यावरून शिट्टी.
ओयार्सो कुटुंबाचं घर, अख्खं, दारंखिडक्यांसकट,
भरती साधून पलीकडच्या बेटावर न्यायचं होतं.
सावडीने. तिथे त्याला मिंगा म्हणतात.
बैलांच्या सहा जोड्या, ओंडके, दोर,
वरच्या खिडकीत उतरायला तयार नसलेलं एक मांजर.
कुणीतरी माझ्या हातात दोर दिला,
कोण, कुठला, काही न विचारता.

छातीभर पाण्यात गेलो.
खांद्यात पाणी शिरलं. घाबरलो.
काठावरून एदुविना ओरडली,
"ओलं लाकूड फुगतं रे वेड्या! आता तर जास्तच धरेल!"
धरलं.
घर तरंगलं. मांजराने एकदा खाली पाहिलं
आणि पाठ फिरवली.

रात्री चुलीभोवती बटाटे, शिंपले, गाणी.
मी खात नाही, तरी मला ताट वाढलं होतं;
शेजारचा पोरगा त्यातलं गुपचूप संपवत होता.
उंबरठ्याला एक मेख कमी पडली.
एदुविनाने चाकू आणि सिप्रेसचा तुकडा
माझ्या मांडीवर टाकला.
उजव्या हाताने जमेना. डाव्यात घेतला.

पहिलीच. वाकडी झाली.
तिने दिव्यासमोर फिरवून पाहिली,
भोकात बसवली, दोन टोले.
"चालेल," म्हणाली. "तात्पुरती."