चांदतारा, मंठा रोड

मंठा चौफुलीच्या पुढं, सळईच्या कारखान्याला लागून
चांदतारा ऑर्केस्ट्रा बार अजून उभा आहे.
पाटीवरचा तारा पडला, चांद राहिला,
तोही अर्धा, म्हणजे खऱ्यासारखाच.
मी रोज पहाटे पाण्याचे जार घेऊन तिथून जातो
आणि छोटा हत्ती दुसऱ्या गिअरमध्ये टाकतो.
भीतीबिती नाही. रस्त्यात खड्डा आहे.

लोक सांगतात ते सांगतो.

ट्रकवाले म्हणतात, रात्री दीड वाजता
बंद शटरच्या आतून बाईमाणसाच्या आवाजात
हॅलो, हॅलो, माईक टेस्टिंग,
मग तीनदा फुंकर.
पंक्चरवाला इस्माईल म्हणतो, फुंकर कुठली, उसासा.
वडीगोद्रीच्या एका मोसंबीवाल्यानं
तिला गाडीत घेतलं म्हणे. हिरवी साडी.
दुधनेच्या पुलावर वळून बघतो तर
सीटवर दहा-दहाच्या नोटा, ओल्या, मातीनं भरलेल्या.
रोलिंग मिलमधली बिहारी पोरं
नाईट शिफ्टला जाताना उंबऱ्यावर लिंबू ठेवतात.
सकाळी लिंबू नसतं.
शेजारच्या टपरीवरचा लिंबू चहा
आख्ख्या जालन्यात नाव काढून आहे.

नाव सगळे एकच घेतात: शबनम.
रेल्वेखाली गेली. नाही, उंदराचं औषध घेतलं. नाही,
एका बियाणंवाल्या शेठनं गायब केली
आणि स्टेजच्या फरशीखालीच...
इथं सांगणारा आवाज खाली आणतो
आणि तंबाखू मळायला घेतो.

मी अकरा वर्षं तिच्या मागं ऑक्टोपॅड वाजवला.
शबनमचं नाव गोकर्णा घायतडक.
ती सेलूला असते, भावाच्या घरामागं दोन पत्रे टाकून.
साखर आहे, डाव्या डोळ्यात मोतीबिंदू,
आठवडी बाजारात कंगवे, रिबिनी, परकराचे नाडे विकते.
मागच्या महिन्यात गेलो आणि सांगितलं सगळं.
गिऱ्हाईक तसंच उभं ठेवून ऐकत राहिली.
"हिरवी? माझ्याकडं हिरवी कव्हा व्हती रे?
जांभळी म्हनावं त्याह्यला. जरीकाठाची.
तिचे हप्ते फेडता फेडता नाकी नऊ आलते."
मग नाडा गुंडाळत, माझ्याकडं न बघता,
"गाते का आजून?"
गाते म्हणालो. दीड वाजता.
"बरंय. मला तर आता चढावर बी दम लागतो."

आम्ही दोघं हसलो. चहा झाला.
त्या पोराचं मी काढलं नाही.
तिनंही काढलं नाही.

बालाजी. परतूरकडचा. तेरा-चौदाचा असेल.
ग्लास विसळायचा, आणि गाणं सुरू झालं की
तशाच ओल्या हातानं माईकची वायर उचलून धरायचा,
गाणारीच्या पायात येऊ नये म्हणून.
हे काम त्याला कुणी सांगितलेलं नव्हतं.
एका रात्री वायर कुठंतरी सोललेली होती.
मी मागून बघत होतो. मला वाटलं,
पोरगं नाचतंय.
मी ठेका वाढवला.

उजाडेपर्यंत फरशी पुसून झाली होती.
बापाला वीस हजार, आणि बारमधला एक कूलर
जीपच्या टपावर बांधून दिला.
उन्हाळा होता.

त्याचं भूत कुणी केलं नाही.
इस्माईललाही विचारून बघितलं आडून आडून,
पोराबिराचा आवाज येतो का आतून?
ग्लासाचा वगैरे?
नाही म्हणाला. बाईच आहे. पक्कं.

पहाटे मी काच खाली करतो.
आत काही वाजत नाही.
मागं रिकामे जार एकमेकांवर आदळतात
आणि स्टीअरिंगवर माझी बोटं
त्यांच्यात लय शोधायला लागतात,
तेव्हा हात उचलून पँटीला पुसतो.
दोनदा. कोरडेच असतात.

खड्डा बांधकाम खात्यानं
मागच्या दिवाळीतच बुजवलाय.