खाडाखोड

रबाळे एमआयडीसीत केमिकलच्या वासाला
नाक सरावलं की उरतो फक्त कॉम्प्रेसरचा आवाज.
शीतखोली नंबर दोन. दोन ते आठ अंश.
आत इन्सुलिन, बाहेर मी,
अंगात कंपनीचं जॅकेट, बाह्या दुसऱ्या कुणाच्या मापाच्या.

आधी इथे वही होती.
वनमालाबाई सोमवारीच लिहून टाकायच्या
आठवड्याभराचं तापमान: पाच, पाच, पाच, साडेपाच.
साडेपाच खरं वाटावं म्हणून.
रविवारी गोदाम बंद, तरी रविवारीही पाच.
चुकलंच तर व्हाइटनर. फुंकर. पुन्हा पाच.
बाई वाईट नव्हत्या.
त्यांना चारची बस गाठायची असायची.

मग आली ती साखळी.
बेंगळुरूचा मुलगा पडद्यावरून समजावत होता:
प्रत्येक नोंद मागच्या नोंदीच्या अंगठ्याचा ठसा
अंगावर घेऊन उभी असते,
एक हलवली तर पुढच्या साऱ्या बोंब मारतात.
आणि वही एका कपाटात नाही, बारा ठिकाणी आहे,
कारखान्यात, ट्रान्सपोर्टवाल्याकडे, इस्पितळात.
वनमालाबाईंनी विचारलं, "म्हणजे किल्ली कुणाकडे?"
तो हसला. "कुणा एकाकडे नाही."
त्याच महिन्यात बाईंनी राजीनामा दिला.
गुडघ्यांचं कारण लिहिलं.

मंगळवारी रात्री दोन चौदाला
मी दार क्रेटने अडवून ठेवलं.
चाळीस खोके काढायचे होते, जोडीदार आला नव्हता,
आणि दर फेरीला दार ढकलायला
माणसाला तिसरा हात नसतो.
दोन एक्कावन्नला आठवलं.
तोवर अकरा पूर्णांक तीन.
भिंतीवरच्या डबीने ते माझ्याआधीच लिहिलं होतं.

सकाळी संघवी साहेब खालच्या आवाजात म्हणाले,
"बघ ना, काही करता येतं का."
पडद्यावरचा मुलगा म्हणाला, "पुसता नाही येत.
पुढे नवीन नोंद जोडता येते."

मला बाबा आठवले.
सिडकोच्या यादीत 'धाया'चा 'धोंड्या' झाला होता
कुण्या कारकुनाच्या जांभईत,
आणि साडेबारा टक्क्यांचा भूखंड एकोणीस वर्षं
अशा धोंड्याची वाट बघत बसला
जो आमच्या गोठिवलीत कधी जन्मलाच नाही.
ती यादी या साखळीत असती तर?
धोंड्या अमर झाला असता.
शेजारी बाबा, दुरुस्ती म्हणून.

साखळीला खरं कळत नाही.
तिला फक्त विसरता येत नाही.

मी टाइप केलं:
दार मी उघडं ठेवलं. सदतीस मिनिटं. एकटी होते.
'एकटी होते' खोडावंसं वाटलं.
राहू दिलं.

सहाशे चाळीस कुप्या नष्ट. त्याची नोंद झाली.
माझा तीन दिवसांचा पगार कापला,
ते मात्र जुन्याच वहीत.
रात्रपाळीला दुसरा माणूस
अजून मंजूर व्हायचाय.

काल घणसोलीत, अझीझा मुकादमच्या दुकानात,
आत्याचं औषध घ्यायला थांबलो.
अझीझाने खोक्यावरचा चौकोन मोबाइलला दाखवला
आणि उतरत गेली यादी: कारखाना, ट्रक, रबाळे,
खोली दोन, आत शिरली, बाहेर पडली,
चार पूर्णांक एक.
शेवटी माझा नंबर. नाव नाही.

आत्याने चष्मा आणला नव्हता.
"काय लिहिलंय गं एवढं?"
"थंड होतं," म्हटलं.
"ते तर हाताला कळतंय," म्हणाली,
आणि कुपी पदरात गुंडाळून
माझ्यापुढे चालू लागली.