हिरवे हलत नाहीत

महिन्याचा पहिला रविवार.
तळघरात उतरायला तेरा पायऱ्या,
इतकी वर्षं कधी मोजल्या नव्हत्या.
हे टेकडीखालच्या इस्पितळात, खुब्याचं हाड नवं बसवून,
आणि मी इथे
टॉर्च, रंगाचा जुना ब्रश, व्हॅक्यूमची बारीक नळी घेऊन
ह्यांच्या वीस वर्षांच्या म्हाताऱ्यापुढे.

मुलगी म्हणते, फेका तो डबा, दोनशे डॉलरला नवा येतो.
हे म्हणतात, या वर्षी खुबा बदलला,
एवढं पुरे.

बाहेर डुलुथ पांढरं. उणे बावीस.
आर्ने लिंडक्विस्ट न सांगता
आमच्याही दारातला बर्फ ओढतोय.
खर्र. मग बराच वेळ काही नाही. खर्र.

वही आहे, निळ्या पुठ्ठ्याची.
रेल्वेच्या शेडमध्ये इंजिनांची ठेवत, तशी ह्याची.
पहिल्या पानावर कलमं:
प्लग काढणे.
धूळ झाडताना पंख्याचं पातं बोटाने धरणे, गरगर फिरू देऊ नये.
सगळं आधी बाहेरच्या डिस्कवर उतरवून घेणे.
या तिसऱ्या कलमाला लाल बाण,
ओढत नेलेला थेट प्लगच्याही वर.
साल अकरा. त्या साली काय गेलं ते मला माहीत आहे,
नातवाच्या बारशाचे फोटो,
आणि आठवडाभर ह्यांची झोप.

पुढे नोंदी, महिन्याला एक ओळ.
मोकळी जागा अकरा जीबी. खराब सेक्टर चार. आवाज नाही. सरोवर गोठलं.
मोकळी जागा साडेदहा. खराब सेक्टर पाच. आवाज किंचित.
कुमुदशी अबोला, दिवस दोन.

कशावरून, ते लिहिलेलं नाही.
मलाही आठवत नाही.

खराब जागा दुरुस्त होत नसते, हे मला सांगत.
तिच्यावर खूण करायची
आणि परत तिथे काही लिहायला जायचं नाही.
हे आईने मला लग्नाच्या आदल्या रात्री सांगितलं होतं,
तेव्हा तिने कॉम्प्युटर पाहिलासुद्धा नव्हता.

धूळ निघाली, म्हणजे काय निघाली!
राखाडी लोकरीचा एक गोळा,
त्यात माझा एक लांब केस, अजून काळा.
झाकण लावलं, प्लग लावला,
डिस्क तपासली. सहावा सेक्टर.
मग ते आवराआवरीचं सुरू केलं,
पडद्यावर लाल, निळ्या, हिरव्या उभ्या रेघा.
लाल म्हणजे तुकडे तुकडे होऊन पांगलेलं,
निळं म्हणजे एका जागी आलेलं.
मी स्टुलावर बसून
डाळ निवडावी तशी बघत राहिले.
हिरव्यांबद्दल वहीत एकच वाक्य:
हिरवे हलत नाहीत, वाट बघू नये.

त्रेचाळीस टक्क्यांवर फोन.
आवाज येतोय?
येतोय.
कसा?
मला काय कळतं त्यातलं.
फोन ने त्याच्याजवळ.

नेला. थंड पत्र्याला टेकवून धरला.
चाळीस वर्षं चालत्या गाड्यांच्या आसाला
कान देऊन उभा राहिलेला माणूस,
त्याच्यामागे ट्रॉलीची चाकं, नर्स कुणाला तरी हनी म्हणतेय.
हे गप्प. मी गप्प.
तो तेवढा दळत होता.

एक बारीक टिक आहे, हे म्हणाले.
नवी की जुनी?
थोडा वेळ काहीच नाही.
मग: जुनीच. धरून चालायची.
आणि लगेच: जेवलीस का तू?

ओळ मी लिहिली. माझं अक्षर ह्यांच्या खाली वाकडं दिसतं.
मोकळी जागा पावणेदहा. खराब सेक्टर सहा. आवाज जुनाच.
आर्नेला लाडू देणे.
अजून काही लिहिणार होते,
पेनमधली शाई थंडीने अडली.

साठ टक्के.
हिरव्या रेघा होत्या तिथेच.
तळघराचा दिवा तसाच चालू ठेवून
मी वर भात लावायला गेले.