टिकाऊ

फेइरा दे सांतानात दुपारचे दोन.
बाहेर डांबर मऊ पडलंय,
मारिनाल्वाच्या दुकानातला पंखा
गरम हवेलाच इकडून तिकडे हाकलतोय.

खुर्चीत नवरीची धाकटी बहीण, इव्हानेज.
शनिवारी लग्न.
केस सरळ हवेत, ताठ,
आणि निदान तीन महिने टिकायला हवेत.
टिकतील, मी म्हणते.
टिकवणं, तेवढंच तर येतं मला.

बाटलीला लेबल नाही.
मोरीखाली असते; तपासनीस आला की
काळ्या राजम्याच्या डब्यामागे जाते.
इस्त्री फिरली की केसांतून धूर निघतो,
आधी नाकाला झोंबतो, मग डोळ्यांना,
पुढे कुठवर जातो, कुणी पाहिलंय.
गिऱ्हाइकाला ओला टॉवेल.
आम्हाला आपापला श्वास, धरून ठेवायला.
एकोणीस वर्षांत किती धरले
त्याची वही नाही.

फुल्या आहेत, कॅलेंडरच्या पाठीवर, पेन्सिलीच्या.
पहिला, सात आठवडे.
दुसरा, अकरा; त्याचं नावही ठरलं होतं, ते सांगणार नाही.
तिसरा आहे हे कळलं तेव्हा गेलेला होता.
डॉक्टर तेरुको तिन्ही वेळा चष्मा पुसत म्हणाली,
टिकला नाही.

त्या रात्री न्हाणीघरातली अख्खी फळी खाली काढली.
शांपू, काखेत लावायचं,
बाळासाठी आधीच घेऊन ठेवलेले ओले रुमाल,
आणि सासूची कोल्ड क्रीमची डबी.
सासूला जाऊन चार वर्षं झाली.
क्रीम पांढरीशुभ्र, बुरशी नाही, आंबूस वास नाही,
तिच्या बोटाची खळीसुद्धा तशीच.
मागची बारीक अक्षरं भिंगाने वाचली:
मेथिल, प्रोपिल, ब्युटिल,
तिळ्या बहिणींसारखी, आडनाव एकच, पाराबेनो.
आमच्या भाषेत एक शब्द याच्या अगदी शेजारी राहतो.
पाराबेंस. म्हणजे अभिनंदन.
पहिल्या वेळी दोन रेघा उमटल्या तेव्हा
गल्लीतली प्रत्येक बाई मला तेच म्हणाली होती.

यामुळेच का? मी तेरुकोला विचारलं.
धुरामुळे? डबीमुळे?
ती खोटं बोलली असती तर बरं झालं असतं.
म्हणाली, असेल. नसेलही.
एका बाईवरून सांगता येत नाही,
आणि पुष्कळ बायकांना विचारायला
कुणी फारसं आलं नाही.

गेल्या साली गाठ काढली, पेरूएवढी.
कमरेत सुई दिलेली; मी जागीच होते,
फक्त कमरेखाली नव्हते.
मध्येच ओळखीचा वास आला,
वाटलं, दुकानात आहे, कुणाची तरी बट करपतेय.
नर्सच्या हातात बरणी.
फॉर्मोल, ती म्हणाली, यात खराब होत नाही काही.
म्हणजे माझ्या पोटातलं
टिकलं ते हे.
हसू आलं. पोटाला कळलं नाही.

आज कंगवा पहिल्या बटेपर्यंत आला
आणि इव्हानेज आरशातूनच, ओठ न हलवता म्हणाली,
हळू हं. दोन आठवडे वर झालेत. आईला माहीत नाही.

मी इस्त्रीची पिन काढली.
कुरळेच राहू देत, म्हटलं, तेल लावून बांधू, शोभतात तुला.
ती रुसली.
कारण विचारलं असतं तर काय सांगणार होते,
असेल, नसेलही?

ओल्या केसांनी ती उन्हात उतरली,
मानेवर सगळी वळणं मोकळी.
पाराबेंस म्हणायला तोंड उघडलं
तर आधी श्वासच बाहेर पडला, कधीचा तरी.

मारिनाल्वा काही बोलली नाही.
माझ्या नावापुढे एकशे ऐंशी रेआल मांडले.
त्याची वही आहे.