डावा जबडा

इर्मगार्ड नॉस्के म्हणायची, तोंड नंतर,
आधी शेवटाकडून बघ.
पोटाच्या टोकाला नळी असेल तर घराणं आपलं.
करवत असेल तर बाटली डेझमंडच्या टेबलावर,
पिकांवरचे फुलकिडे त्याला कळतात, आपल्याला नाही.

मग शिंगांचे सांधे. आठ.
सात भरले तर चष्मा पूस आणि पुन्हा मोज.
मग पंख. पंख कसले,
शीर नसलेली एक पट्टी आणि कडेनं झालर,
वारा नेईल तिकडे जायला तेवढं पुरतं.
घराण्याच्या शाखा दोनच,
एक बुरशीचे बीजाणू अख्खे गिळणारी,
दुसरी शोषून घेणारी, आणि त्या दुसरीत एवढा गोतावळा
की नावं लावता लावता माणसं म्हातारी झाली.

सोडा, अल्कोहोल, लवंगेचं तेल, वर बाल्समचा थेंब.
ॲडलेडच्या त्या तळघरात कायम
कुणाची तरी दाढ दुखत असल्याचा वास.

तोंड तिनं फार उशिरा दाखवलं.
डावा जबडा आहे. उजवा नाही.
तोडलेला नाही, झिजलेला नाही,
अंड्यात असतानाच तो वाढायचा थांबतो.
पान असो, बुरशी असो, पहिलं भोक डाव्यानंच.
मी म्हटलं, आमच्याकडे डावं-उजवं करू नये म्हणतात,
आणि आपण तर त्याचाच पगार घेतो.
ती हसली. सुई तिच्या डाव्या हातात होती.
लेबलं मात्र उजव्यानं लिहायची.
टनुंडाच्या शाळेत डावा हात
सहा महिने ॲप्रनच्या नाडीला बांधून
घडवलेलं अक्षर. छापल्यासारखं. गार.

सप्टेंबरात वायॅलाकडे निघालो.
नकाशाच्या कडेला एका झाडाचं नाव होतं,
अक्षराला अक्षर लावत मी 'मुलगा' वाचलं.
मल्गा, ती म्हणाली, आणि ते आपल्याला नकोच,
आपल्याला मायॉल.

राखाडी मायॉल, बाभळीच्या लांबच्या नात्यातलं,
पानांवर वाटाण्याएवढे फुगवटे.
एक चिरला.
आत आई, पंख झडलेली.
ती कोवळं पान शोषत बसली
आणि पान फुगत फुगत तिच्याभोवती मिटलं.
तिची थोरली पोरं आखूड पंखांची, जाड दंडांची,
आयुष्यात बाहेर न पडणारी.
फटीतून परके घुसले की आवळून मारायचं, मरायचं,
म्हणजे धाकटी उडून जातील.
त्यांतले मुलगे बापाविना, न फळलेल्या अंड्यांतून.
नकाशावर मी फारशी चुकले नव्हते.
एक शिपाई, मिलिमीटरभर,
ब्लेडवर चढला
आणि पातं आवळू लागला.

परतताना कुरणाचं फाटक.
कडी गंजलेली, म्हणून ती वरून चढली,
एकाहत्तराव्या वर्षी, खिशात बाटल्या सांभाळत.
बाटल्या शाबूत. उजवं मनगट गेलं.
वायॅलाच्या इस्पितळात रोवेना नावाच्या नर्सनं
प्लास्टर ओलं असताना विचारलं,
सही कुठल्या हातानं करता?
इर्मगार्डनं उत्तराला बराच वेळ घेतला.

त्या फेरीच्या एकशे चार काचा.
लेबलांवरची अक्षरं कलती, एक एस चक्क उलटा,
सहा वर्षांची मुलगी जिथं थांबली होती
तिथून पुढे.
असली लेबलं नव्यानं लिहून घ्यावीत असा नियम आहे.
डेझमंडनं दोनदा आठवण केली.
मी काचा नळीवाल्यांच्या खणात सरकवल्या,
खण जरा अडकतो,
डाव्या बाजूनं दाबावा लागतो.