सात मासे, एक मग

नागपूरहून एसटीत, मांडीवर पिशवी धरून
यांनी आणले सात कोई.
कंडक्टरनं अर्धं तिकीट मागितलं म्हणे, गमतीत.
गुरं विकून दोन वर्षं झालेली,
त्यांचं टाकं अंगणात तसंच, तळाला सुकं शेवाळ.

धीवरपुऱ्यातली फूलनबाई नान्हे आली,
पिशवी उजेडात धरून पाहिली.
'एकदम टाकू नोको ओ बाई.
तशीच तरंगू दे. पाण्याले पाण्याची वळख होऊ दे.
अन् हा पांढरा येगळा ठेव टपात, तीन हप्ते.'

मला वाईट वाटलं,
पाहुण्याला पडवीतच बसवावं तसं.
नवव्या दिवशी त्याच्या कल्ल्यापाशी
रव्याच्या कणांएवढे ठिपके.
तेव्हा कळलं पडवी कशाला असते.

मीठ खड्याचं, पुडीतलं नाही.
किती, विचारलं तर फूलनबाईनं बोट बुडवून जिभेला लावलं:
'आसवाच्या अर्धं खारट. बस.'
तेवढं मोजायचं माप माझ्याकडे होतंच.

ग्रामपंचायतीच्या नळाला ब्लीचिंगचा वास येतो,
ते पाणी मी दोन दिवस ड्रममध्ये उघडं ठेवते.
राग निवला की मग ओतते.
शेजारची पोरं मुरमुरे टाकायला धावतात,
मी मनगटं धरते.
माशाला ताप आला सांगता येत नाही.
तो भिंतीला अंग घासतो,
नाहीतर पंख आवळून कोपऱ्यात उभा,
रुसलेल्या जावयासारखा.

मे महिन्यात वादळ आलं त्या रात्री
गावाचे दिवे गेले,
टाक्यातली बुडबुड्यांची मोटर गप्प झाली.
हे लाइनमन. हे गेले खांब शोधत.
मी टॉर्च मारला तर
सात तोंडं पाण्यावर, उघडझाप, उघडझाप.

मग घेतला. कमरेएवढ्या उंचीवरून धार.
पुन्हा भरला, पुन्हा धार.
चारशेपर्यंत मोजलं, पुढे मोजणं सुटलं.
खांदा आधी दुखला, मग माझा राहिलाच नाही.
अडीचला फोन आला.
'जम्पर तुटलाय, नाल्यापलीकडं. मासे?'
'तोंडं वर आहेत.'
'बरं.'
खांब ओला आहे का, हे विचारायचं
माझ्या ओठांवर होतं. फोन कटला.
मी पुढचा मग भरला.

चारच्या सुमारास कुठंतरी कोंबडा चुकून आरवला
आणि मोटर खोकली.
एक बुडबुडा. मग रांग.

उजाडता उजाडता हे आले,
चप्पल न काढताच टाक्याच्या काठावर बसले.
पांढरा वर आला, सगळ्यांत आधी.
यांनी हात पुढे केला, ग्रीसनं काळा.

म्हटलं, आधी हात धुवा.
साबण नको.
ड्रममधलं पाणी घ्या, परवाचं.